सात डब्या आणि बसूअण्णा

बसूअण्णांशी ज्याची एकदा गाठ पडली, त्याला साबुदाण्याची खिचडी पुन्हा पहिल्यासारखी खाता येत नाही. माझंच बघा. एकादशीला ताटली पुढं आली की तो भिजून फुगलेला, काचेसारखा दाणा दिसतो आणि कानाशी आवाज येतो, "नोड्री अक्का, नोड्री. हुबेहूब." नोड्री म्हणजे बघा. अण्णा उमरग्याच्या पलीकडचे, अगदी सीमेवरचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि आनंद झाला की दोन्ही एकदम. आता त्यांना आनंद कशानं व्हायचा ते पहिल्याच ओळीत सांगितलं तर तुम्ही पुस्तक मिटून ठेवाल, म्हणून जरा दमानं घेते.

ते आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला होते. रक्त तपासायचं, लघवी तपासायची, थुंकी तपासायची, आणि आपण चारचौघांत ज्याचं नाव घेत नाही तेही तपासायचं. माझी अंगणवाडी दवाखान्याच्याच आवारात. मधे एक लिंबाचं झाड आणि हातपंप, बस्स. त्यामुळं अण्णांच्या खोलीत काय चाललंय ते मला पोरांना खिचडी वाढता वाढता कळायचं.

त्या खोलीत आधीही माणसं येऊन गेली होती. डबी आली की नाकाला रुमाल, दोन बोटांच्या चिमटीत धरायची, कधी एकदा टाकून देतो असं व्हायचं त्यांना. अण्णांचं उलटं. माहेरचं पत्र उघडावं तशी ते डबी उघडायचे. कानाला लावून हलवायचे काय, उजेडात धरायचे काय, मग काचेवर एवढासा ठिपका घेऊन दुर्बिणीला डोळा लावायचे. ती दुर्बीण म्हणजे सूक्ष्मदर्शक, पण आमच्या गावात कुणी तसं म्हटलं नाही, अण्णासुद्धा म्हणत नसत. डोळा लावला की पाच-दहा मिनिटं सामसूम. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि "अक्का, या या या. हातातलं ठेवा आन् या."

मी काय, चौथी शिकलेली बाई. पण अण्णांनी मला जंतांची सगळी अंडी ओळखायला शिकवली. शिकवायची रीत त्यांची एकच, स्वयंपाकघर. मोठा गोल जंत असतो, लांबच्या लांब, त्याचं अंडं कसं? तर संक्रांतीचा काटेरी हलवा, चहात बुडवून काढलेला. दुसरा एक चाबकासारखा असतो, त्याचं अंडं म्हणजे दोन्हीकडून चामडं लावलेली ढोलकी. आणि तिसरा, जो रक्त पितो, आतड्याला आकडा लावून बसतो, त्याचं अंडं म्हणजे भिजलेला साबुदाणा. आरपार दिसतं, मधे दाट गोळा. झालं. त्या दिवसापासून दवाखान्यात उपासाचा डबा कुणी उघडला की नर्सबाई पाठ फिरवून बसायच्या. अण्णा मात्र एका हातानं काच सरकवत आणि दुसऱ्या हातानं बशीतला चहा ओढत. मधे हात धुवायचे, ते मात्र बघण्यासारखं असायचं. साबण लावून एकोणतीसचा पाढा म्हणायचा, पूर्ण, न अडखळता. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, "दहाचा म्हणा की, लवकर उरकंल." तर म्हणाले, "अक्का, दहाचा पाढा म्हणणाऱ्याचे हात कोरडे ऱ्हातेत."

किल्ल्यांच्या जुडग्यात त्यांचं नेलकटर असायचं. समोरच्याचं नख वाढलेलं दिसलं की बोलता बोलता हात हातात घेतला आणि कट, कट, कट. विचारणं नाही, काही नाही. एकदा झेंडावंदनाला सरपंच आले, त्यांनी हात मिळवायला पुढं केला. अण्णांनी तो धरला, उलटा केला, बघितला, आणि सरपंचांचं भाषण सुरू असताना पाची बोटं साफ केली. सरपंच भाषणात आरोग्यावरच बोलत होते. मग त्यांनी दुसरा हात आपणहून दिला.

आणि पोरांना जंताची गोळी द्यायचा दिवस तर आमच्याकडं जत्रेसारखा. ही गोळी चावून खायची असते. एका वर्षी गावात उठलं की गोळी खाल्ली की जंत घाबरून नाकातून बाहेर येतात. झालं, अंगणवाडीत निम्मी पोरं गैरहजर, जी आली ती नाक मुठीत धरून. मी अण्णांना हाक मारली. ते येऊन पोरांच्या सतरंजीवर मांडी घालून बसले, एक गोळी तोंडात टाकली आणि बोर खाल्ल्यासारखी कडाकडा चावली. मग आपल्याच पोटाला कान लावायला गेले, तो काही पुरेना, तेव्हा पोटातली बातमी तोंडानंच सांगायला लागले. पोटात जंताची आई पोरांना ओरडायलीय, उठा रे, सरकारी गोळी आली, बोचकी बांधा. एक जंत म्हणतोय माझी चप्पल सापडंना. आई म्हणतीय तुला पाय कुठायत. पोरं हसून हसून सतरंजीवर लोळली, आणि हसता हसता सगळ्यांनी गोळ्या चावल्या. फक्त परी नावाची एक चिमुरडी संध्याकाळी रडत दवाखान्यात आली. का, तर माझ्या पोटातल्या जंताची लेकरं आता राहणार कुठं. अण्णा पेचात पडले. शेवटी त्यांनी शपथेवर सांगितलं की ती सगळी सोलापूरला मामाकडं गेली, एसटीनं, अर्ध्या तिकिटात.

असा माणूस. त्यांचं आवडतं वाक्य होतं, "अक्का, माणूस तोंडानं काय बी सांगंल. डबी खोटं बोलत न्हाय." आता हे वाक्य त्यांना एका घरानं सपशेल गिळायला लावलं, ते सांगते. त्यात सुनंदाचं येतंच. तिच्यावाचून अण्णांची आठवण मला काढताच येत नाही.

सुनंदा म्हणजे आमच्या गल्लीतल्या गोदाबाईंची धाकटी सून. माहेर येडशीकडचं. आली तेव्हा चांगली उंचपुरी, दोन घागरी एका दमात आणणारी. धरणाचं पाणी आल्यापासून गोदाबाईंचं रान बारमाही ओलं, केळी, ऊस, कांदा. सुना दिवसभर चिखलात. बाळंतपण झालं, बाळ वर्षाचं झालं, आणि ही पोरगी दिवसेंदिवस धुतलेल्या फडक्यासारखी पांढरी पडत गेली. चार पायऱ्या चढली की भिंत धरायची. डॉक्टर मॅडमनी रक्त बघितलं, सहा. लाल गोळ्या दिल्या. महिन्यानं बघितलं, सहा. पुन्हा गोळ्या, पुन्हा सहा.

गोदाबाई माणूस वाईट नाही, पण तोंड म्हणजे गिरणीचा पट्टा. दवाखान्याच्या ओट्यावर बसून सगळ्यांदेखत म्हणाल्या, "गोळ्या खाती, भाकरी खाती, आन् भिंतीला टेकून ऱ्हाती. खाल्लेलं जातंय कुठं देव जाणे."

अण्णा आतून काच पुसत बाहेर आले. "मावशी, म्या बी तेच म्हणायलोय. जातंय कुठं ते बघू द्या की मला."

"तुमी काय बघणार?"

"तुमी डबी द्या, मग सांगतो."

गोदाबाईंनी पदर नाकाला लावला आणि उठून गेल्या.

त्याच आठवड्यात सुनंदा बाळाचा खाऊ न्यायला अंगणवाडीत आली आणि पिशवी भरता भरता हळूच बोलली. दिवाळीला भाऊ न्यायला येणार होता. सासूबाईंनी सांगून टाकलं होतं, ने बाबा, आन् धडधाकट झाली की आणून घाल, न्हाय झाली तर ऱ्हाऊ दे तिकडंच. बाळाचं काय ते नंतर बघू. सुनंदा म्हणाली, "आत्या, रक्त गोळीनं वाढंना तर म्या काय करू?" रडली नाही. रडायलासुद्धा अंगात काही लागतं.

दिवाळीला दोन महिने होते. मी हे अण्णांना सांगितलं. ते एकोणतीसच्या पाढ्यात सत्त्याऐंशीवर होते, तिथंच थांबले. आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू न करता हात पुसून खोलीत गेले. तेव्हा मला कळलं की हे प्रकरण त्यांनी मनावर घेतलं.

एकट्या सुनंदाची डबी मागितली तर गल्लीत बोभाटा होणार, म्हणून अण्णा गोदाबाईंच्या घरी गेले ते सात डब्या घेऊन. घरात माणसंही सातच. गोदाबाई, त्यांचे मालक तात्या, दोन मुलं, दोन सुना आणि बाळ. अण्णांनी प्रत्येक डबीवर नावाची चिठ्ठी चिकटवली होती, बाळाच्या डबीवर एक चिमणीसुद्धा काढली होती. "सगळ्यांची तपासणी हाय, सरकारी," असं सांगून ओळीनं मांडून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात डब्या हजर. एका पाटीत, वर फडकं झाकलेलं, बाहेरून धुतलेल्या, झाकणं घट्ट. अण्णांना गहिवरून आलं. "सातपैकी सात, अक्का. असलं घर धाराशिव जिल्ह्यात दुसरं न्हाय."

मी पोरांची हजेरी घेतली, खिचडी शिजवली, वाढली, भांडी घासली. पलीकडून ना खुर्चीचा आवाज, ना नोड्री. मला चैन पडेना. जाऊन बघते तर सात काचा ओळीनं मांडलेल्या, आणि अण्णा हनुवटीला हात लावून त्यांच्याकडं बघत बसलेले.

"काय झालं?"

"काय न्हाय. घर ठणठणीत हाय. एकाच्याबी पोटात काय न्हाय. सुनंदाच्याबी."

"मग बरंच की."

"बरं कसं? मग तिचं रक्त कुठं चाललंय?" जरा थांबून म्हणाले, "अक्का, ते बाळ काय खातंय सध्या?"

"अंगावरचं पितंय. वर डाळीचं पाणी, मऊ भात."

"ठेचा?"

"अण्णा, वर्षाचं लेकरू हाय ते."

"मग ह्या चिमणीच्या डबीत हिरव्या मिरचीच्या बिया कुठनं आल्या?"

मी दुर्बिणीतून बघितलं, नुसत्या डोळ्यांनीही बघितलं. बिया होत्या. चांगल्या तिखटाच्या. मग अण्णांनी बाकीच्या सहा डब्या दाखवल्या. त्यांतही त्याच बिया, तोच रंग, तेच सगळं. मला हसू यायला लागलं आणि अण्णांना घाम.

"अक्का," ते म्हणाले, "सातही डब्यांत एकच माणूस हाय."

तसेच आम्ही गोदाबाईंच्या घरी. गोदाबाई ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या, तात्या खाटेवर, सुना आत चुलीपाशी. अण्णांनी चपला काढल्या, पाणी प्याले, आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "मावशी, बाळ तिखट लई खातंय का?"

गोदाबाईंचा हात शेंगेवर थांबला. पण ती बाई कबूल करताना खाली बघणारी नव्हे. म्हणाल्या, "हे बगा, आमी सगळे एका चुलीवरचं खातो, एका हंड्यातलं पितो. मग सात येगळ्या कशाला? एकाचं बगितलं की सगळ्याचं आलं."

"असं कसं, मावशी?"

"कसं म्हंजे? डेअरीत काय परतेक म्हशीचं येगळं बगत्यात? क्यानमधलं एक चमचा काढत्यात, फॅट लावत्यात, झालं."

मला वाटलं अण्णा चिडले. पण त्यांचे डोळे चमकत होते, चांगला मुद्दा ऐकला की चमकतात तसे. मग म्हणाले, "मावशी, तुमचं खरं हाय. पण डेअरीत सात म्हशीचं एका क्यानमध्ये करतेत. तुमी एका म्हशीचं सात क्यानमध्ये भरलंय."

आत सुनांच्या हातातलं भांडं पडलं. थोरली तर तोंडात पदर कोंबून परसात पळाली.

"आता एवढंच सांगा," अण्णा म्हणाले, "ती म्हैस कोण?"

मग खाटेवरून खाकरल्याचा आवाज आला. "म्या," तात्या म्हणाले. "मला सकाळच्याला साफ व्हतंय. हिनं म्हणली, तुमीच भरा."

त्या दिवशी परत येताना अण्णा हातपंपापर्यंत हसत होते. तिथं मात्र थांबले. म्हणाले, "हसायलोय खरा, पण पोरीची डबी अजून आलीच न्हाय." आणि ते खरंच होतं. बाकीच्यांना सांगता येत होतं, दटावता येत होतं. सुनंदा मात्र ओसरीवरच्या सासऱ्यासमोरून, गल्लीतून, दवाखान्यातल्या पुरुषांच्या रांगेतून हातात डबी घेऊन कशी येणार? मेली असती, पण आली नसती.

मग अण्णांनी आपल्या खोलीची मागची खिडकी उघडली. वर्षानुवर्षं बंद होती, पाखरांनी घरटं केलेलं. ते उचलून लिंबावर ठेवलं, खिडकीखाली एक फळी ठोकली आणि मला म्हणाले, "बायकांना सांगा, इथं डबी ठेवायची आन् जायचं. म्या पाठ करून बसणार."

"पाठ केलीय हे त्यांना कसं कळावं?"

"गाणं म्हणतो. जोवर गाणं चालू, तोवर मान फिरणार न्हाय."

अण्णांचा आवाज म्हणजे फाटका पत्रा. पण सकाळी आठ ते नऊ ते भिंतीकडं तोंड करून भजनं म्हणत बसायचे, कानडी, लांबलचक, श्वास न घेता. डॉक्टर मॅडमनी दोनदा येऊन तब्येत विचारली. पहिले दोन दिवस फळी रिकामी. तिसऱ्या दिवशी एक डबी, नाव नाही. चौथ्या दिवशी गोदाबाईंच्या घरच्या सात, यावेळी वेगवेगळ्या, आणि त्यातल्या सहा गोदाबाईंनी स्वतः आणलेल्या. सातवी सुनंदाची, सगळ्यात मागं, तिची तिनंच आणलेली. मी पोरांचे हात धुवत होते, मला दिसली ती. फळीवर डबी ठेवली, क्षणभर गाणं ऐकत उभी राहिली, आणि मी तिला किती महिन्यांनी हसताना पाहिलं.

दुपारी खुर्ची नुसती सरकली नाही, पडली. अण्णा दारात, दोन्ही हात वर, "अक्का, सापडलं. साबुदाणा. भरपूर. अर्धा किलो." मग माझं तोंड बघून हात खाली घेतले. "आनंद झाला ते चुकलंच माझं. पण दिसलं तर मारता येतंय, न्हाय का?"

रक्त पिणारा तो आकडेवाला. सुनंदाच्या पोटात त्यांचा खच पडला होता, लाल गोळ्या ती खात होती आणि मेजवानी ते करत होते. थोरल्या सुनेला होता, दोन्ही मुलांना थोडा, गोदाबाईंना थोडा. बाळाला नाही. आणि तात्यांना नाही. डॉक्टर मॅडमनी सगळ्यांना औषध दिलं, सुनंदाची लाल गोळी चालू ठेवली. तिथं गोष्ट संपायला हवी होती. दवाखान्याच्या लेखी संपलीच होती.

पण अण्णांच्या डोक्यात तात्या बसले होते. एकाच चुलीवरचं खाणाऱ्या माणसाला का नाही? दोन दिवस ते हेच घोकत होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तात्या दवाखान्यावरून गेले. करकर, करकर. अण्णा बशी ठेवून उठले. तात्यांच्या टाचांना भेगा, त्यामुळं त्यांच्या पायातली वहाण सुटतच नसे. ओसरीपुरती काढली तेवढीच. आणि बाकी सगळं घर, रानात पाय ठेवताना पायताण बांधावर काढून ठेवणारं. काळी आई ती, तिच्यावर पायताण घालून कसं नाचायचं? शिवाय सुनांनी तर सासऱ्यासमोर चप्पल घालायचीच नाही, गल्ली संपेपर्यंत हातात धरायची. आणि हा जंत तोंडातून येत नाही, ओल्या मातीतून उघड्या पायात शिरतो. औषधानं आज गेले तरी पुढच्या महिन्यात बांधावर नवे हजर.

हे अण्णांनी गोदाबाईंना सांगितलं तर त्या उखडल्या. "माज्या सासूनं अनवाणी रान केलं, तिच्या सासूनं केलं. आन् ह्या काल आलेल्या बूट घालून पेरणार व्हय आईच्या छातीवर?"

अण्णा वाद घालत नसत. ते त्यांच्याच केळीच्या बांधावरनं, घरची मंडळी जिथं परसाकडला बसायची तिथनं, वाटीभर ओली माती घेऊन आले, आणि कापडात बांधून पाण्यात ठेवणं वगैरे त्यांचं काय काय चाललं. दुसऱ्या दिवशी गोदाबाईंना बोलावलं. गोदाबाई दुर्बिणीसमोर बसल्या. आधी चुकीचा डोळा मिटला. "काळं दिसतंय." मग दुसरा. "केस दिसायलेत." ते त्यांच्याच पापणीचे. मग अण्णांनी मान जरा सरळ केली, आणि गोदाबाई एकदम गप्प झाल्या. मी एवढी वर्षं त्यांना ओळखते, एवढा वेळ गप्प मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

"हे नाचायलंय," त्या म्हणाल्या.

"व्हय मावशी."

"आमच्या बांधावरचं?"

"तुमच्याच."

त्यांनी डोळा काढला, आपल्या तळपायांकडं बघितलं, पुन्हा डोळा लावला. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "म्हंजे आईलाच जंत झालेत म्हणायचं."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. पुस्तकात कुठं इतकं नीट लिहिलेलं नसेल. "व्हय," ते म्हणाले, "आन् तिला गोळी चारता येत न्हाय. म्हणून दोन कामं करायची. तिच्या अंगावर बसायचं बंद करायचं, आन् ती बरी होईपर्यंत पायात घालायचं. आई आजारी हाय म्हटल्यावर ती रागवंल का?"

गोदाबाई उठून गेल्या. त्या आठवड्यात त्यांच्या परसातल्या सरकारी संडासातून सोयाबीनची पोती, मोडका कुळव आणि कडब्याच्या पेंढ्या बाहेर निघाल्या. बांधल्यापासून पहिल्यांदाच त्याला दार लागलं. आणि लोहाऱ्याच्या बाजारातून गोदाबाई प्लास्टिकच्या बुटांचे पाच जोड घेऊन आल्या. निळे. आधी स्वतः घातले, नऊवारीवर, आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या, बदकासारख्या, कुणी हसतंय का ते बघत. कुणाची छाती होती? परत आल्या आणि ओसरीवर तात्यांच्या समोरच सुनंदाला म्हणाल्या, "घाल गं. म्या घातल्यात. आता ह्यांच्याकडं बगू नको."

दिवाळीला भाऊ आला. सुनंदाचं रक्त तेव्हा नऊवर गेलं होतं, गालाला जरा रंग आला होता. गोदाबाईंनी लाडू बांधून दिले आणि भावाला बजावलं, "चार दिस. पाचव्या दिवशी एसटीत बशीव. कांद्याला पाणी द्यायचंय, हिच्यावाचून अडतंय." सुनंदाला हे ऐकून रडू आलं. तेव्हा मात्र चांगली भरपूर रडली. पाचव्या दिवशी ती एकटीच बाळाला कडेवर घेऊन एसटीतून उतरली.

अण्णा हुरड्याच्या दिवसांत नोकरीतून निवृत्त झाले. गावाकडं निघायच्या आदल्या दिवशी गोदाबाईंनी त्यांना रानात हुरडा खायला बोलावलं. मी आगटीपाशी कणसं चोळत बसले होते, तिथून बांध सरळ दिसत होता. अण्णांची मोपेड आली, थांबली. निवृत्तीत मिळालेला नवा कोट, पॉलिश केलेले बूट. ते बांधावर उभे राहिले, रानाकडं बघितलं. मग इकडं तिकडं बघितलं. कुणाचं लक्ष नाही असं त्यांना वाटलं असावं. हळूच वाकले, बूट काढले, मोजे काढून आत कोंबले, काळ्या मातीला हात लावून तो कपाळाला लावला, आणि बूट हातात धरून ओल्या सरीतून अनवाणी निघाले.

मी बोलणार तेवढ्यात पलीकडून, कांद्याच्या वाफ्यातून आवाज आला. सुनंदा पाण्याची दारं धरत होती, हातात खोरं, पायात निळे बूट. सासरा खाटेवर, सासू आगटीपाशी, दीर, जाऊ, सगळे तिथं. ह्या पोरीचा आवाज मी कधी तीन हातांपलीकडं गेलेला ऐकला नव्हता.

"अण्णा, पायात घाला आधी. न्हायतर उद्या सकाळी डबी घेऊन खिडकीपाशी यायचं."

सगळं रान हसलं. तात्या तर खोकून खोकून लाल झाले. आणि अण्णा सरीच्या मधोमध एका पायावर उड्या मारायलेत, दुसऱ्या पायात उजव्या जागी डावा बूट कोंबायलेत, एक मोजा चिखलात पडलाय, कोटाचं एक टोक पाण्यात. आणि सुनंदा खोऱ्यावर हात टेकून, दुसरा बूट चढेपर्यंत तिथंच उभी.